प्रदर्शनाची तालीम

चित्रप्रदर्शनाचा क्युरेटर आणि वाद्यवृंदाचा कंडक्टर यांची तुलना कलावर्तुळात पुष्कळदा होते आणि बहुतेक वेळा एका वाक्यात संपते. दोघेही स्वतः काही वाजवत नाहीत, काही रंगवत नाहीत, तरी नाव त्यांचं होतं. तेवढ्यावर थांबलं तर तुलना फक्त मानाची होते, कामाची होत नाही. हे दोघे कागदावर, हातांनी, घड्याळ लावून नेमकं काय करतात ते शेजारी शेजारी मांडून बघा. कंडक्टरचं बहुतेक काम तालमीत होऊन जातं. क्युरेटरकडे तालीम नावाची गोष्टच नसते. माझ्या मते ती असायला हवी, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या दिवसाच्या भाड्यावर मिळणाऱ्या हॉलमध्येसुद्धा ती करता येते.

असं करून बघून उत्तर शोधण्याच्या कामाला युरोपातल्या कलाशाळांत 'कलात्मक संशोधन' म्हणतात. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं संशोधन, कलेसाठीचं संशोधन आणि कलेतून होणारं संशोधन असा भेद मांडला, तो आजही वापरला जातो. बेल्जियममधल्या गेंट शहरात १९९६ पासून ऑर्फियस इन्स्टिट्यूट संगीतात हेच काम करते आहे. तिसऱ्या प्रकारात प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयात शोधायचं नसतं, करून बघून शोधायचं असतं. म्हणून कंडक्टरची हत्यारं घेऊन प्रदर्शन उभारायचं, आणि कुठे ती चालतात, कुठे हातातून निसटतात, याची नोंद ठेवायची.

आधी कंडक्टर. समोर जाडजूड स्कोअर असतो, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली प्रत. पानावर वरून खाली लाकडी फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि तळाला तंतुवाद्यं, प्रत्येकाची ओळ वेगळी. डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते. वादकाजवळ मात्र फक्त त्याची स्वतःची ओळ असते. दुसरा ओबो काय वाजवतोय हे ट्रॉम्बोनवाल्याच्या कागदावर नसतं. सगळं एकत्र दिसतं ते एकाच माणसाला, त्याच्या अधिकाराचं मूळ एवढंच. हातातली काठी (बॅटन) नंतर आली. एकोणिसाव्या शतकापर्यंत पहिला व्हायोलिनवादक किंवा कळफलकावर बसलेला वादकच सगळ्यांना सांभाळून घेत असे.

चार मात्रांच्या तालात उजवा हात खाली, आत, बाहेर आणि वर जातो. पण खरं काम पहिला ठोका पडण्याआधीच्या हातात असतं. त्याला अपबीट म्हणतात. सेकंदाला एक मात्रा अशी लय असेल तर अपबीट नेमका एक सेकंदाचा. त्या एका सेकंदात लय किती, आवाज किती, सूर टोकदार की मऊ, हे सगळं कळावं लागतं, कारण सूर सुरू झाल्यावर सांगून उपयोग नसतो. बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात यासाठीच अवघड मानतात. पहिली गोष्ट सूर नाही, अर्ध्या मात्रेची शांतता आहे. मग तीन झपाट्याचे सूर आणि चौथ्यावर थांबा. कंडक्टरचा हात ज्या क्षणी खाली येतो त्या क्षणी कोणीच वाजवायचं नसतं, सगळ्यांनी त्यानंतर शिरायचं असतं. हात जरा घुटमळला तर एक व्हायोलिन आधी घुसतं आणि पुढचे तीन सूर चिखल होतात. घाबरून एक जास्तीचा ठोका देऊन ठेवला, तर निम्मे वादक त्यालाच सुरुवात समजतात.

याच सिंफनीत तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्यं पहिल्या तीन भागांत गप्प असतात आणि चौथ्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला उघडतात. म्हणजे ट्रॉम्बोनवाले २० मिनिटांहून अधिक काळ नुसते बसून. पितळ थंड पडलं की सूर उतरतो, म्हणून ते मधून मधून वाद्यात आवाज न करता गरम हवा फुंकत राहतात. तिसरा भाग न थांबता चौथ्यात जातो, त्यामुळे कंडक्टरला आधीच नजर देऊन त्यांना जागं करावं लागतं. मागे बसलेल्यांची आणखी एक अडचण आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. काठीपासून १५ मीटर मागे असलेल्या नगाऱ्याचा आवाज पुढे पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात. तो वादक पुढच्यांचं ऐकून वाजवेल तर दुप्पट मागे पडेल. त्याने कानावर न जाता काठीवर जायचं असतं, किंचित आधीच.

तालीम कमी पडली की काय होतं याची नोंद याच सिंफनीच्या पहिल्या प्रयोगात आहे. २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. कडाक्याच्या थंडीत चार तासांचा कार्यक्रम: पाचवी आणि सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो, मास या चर्चमधल्या प्रार्थनासंगीताचे काही भाग आणि शेवटी कोरल फँटसी ही गायकवृंदासह वाजणारी रचना. शेवटची रचना मध्येच कोलमडली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. मला हे उदाहरण दोन्ही बाजूंनी लागू वाटतं. वादकांची तालीम अपुरी होतीच, पण कार्यक्रमाची आखणीही फसली होती. एका बैठकीत माणूस किती ऐकू शकतो याचा हिशेब कुणी केला नव्हता. प्रदर्शनात नेमकं हेच वारंवार होतं: भिंत मोकळी दिसली की आणखी दोन चित्रं.

क्युरेटरजवळ काय असतं? कामांची यादी, हॉलचा नकाशा आणि मनातलं एक चित्र. स्कोअर नसतो, कारण प्रेक्षक चालतो. मैफलीत वेळ कंडक्टरच्या हातात असते आणि श्रोता खुर्चीत. प्रदर्शनात वेळ प्रेक्षकाच्या पायात असते. हा फरक मोठा आहे आणि तो लपवणारी तुलना मला पटत नाही. पण प्रेक्षक अगदीच मनमानी चालतो असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कामापुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबले आणि मध्यक १७ सेकंदांचा होता, म्हणजे निम्म्या वेळा त्याहूनही कमी. १२ बाय ८ मीटरचा हॉल धरा. परिघ ४० मीटर. दार, खिडक्या, स्विचबोर्ड वजा जाता ३० मीटर भिंत हाती लागते. सरासरी ७५ सेंटीमीटर रुंदीचं काम आणि तेवढीच मोकळी जागा धरली तर २० कामं बसतात. २० गुणिले २७ म्हणजे ९ मिनिटं. चालणं, वाचन, रेंगाळणं धरून १५. महिनोन्महिन्यांच्या कामाला प्रेक्षकाची मिळणारी वेळ एवढी आहे. ती कागदावर मांडता येते.

त्यासाठी ए-थ्री आकाराचा आलेख कागद आडवा धरावा. एका मिनिटाला अडीच सेंटीमीटर, म्हणजे १५ मिनिटं साडेसदतीस सेंटीमीटरमध्ये बसतात. उभ्या दिशेने प्रत्येकी ४ सेंटीमीटरच्या सहा ओळी. सर्वांत वर कामं, त्याखाली उजेड, मग आवाज, मग मजकूर, मग पाय (कुठे वळायचं, कुठे बसायचं, कुठे गर्दी तुंबणार) आणि तळाला हॉलमध्ये देखरेखीला उभी राहणारी माणसं. कंडक्टर जोरकस जागा लाल पेन्सिलने आणि हळुवार जागा निळीने खुणावतात, तेच इथे करावं. स्कोअरमध्ये ठरावीक अंतरावर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, म्हणजे तालमीत "डीपासून घ्या" म्हटलं की सगळे एकाच जागी येतात. प्रदर्शनाच्या टप्प्यांना क, ख, ग अशी अक्षरं द्या. सुतार, इलेक्ट्रिशियन आणि चित्रकार यांच्याशी बोलताना "त्या डाव्या कोपऱ्यातलं निळं" असं म्हणावं लागत नाही.

कागद भरला की दोष लगेच दिसतात. आवाजाच्या ओळीत दोन व्हिडिओ एकावर एक आलेले असतात. मजकुराच्या ओळीत पहिल्याच मिनिटाला दीडशे शब्दांचं निवेदन असतं, ते उभ्याने वाचायला एक मिनिट लागतं, आणि पायाच्या ओळीत तिथेच दार असतं. मग उद्घाटनाच्या संध्याकाळी दारात माणसं तुंबणारच. निवेदन दारापासून दोन-तीन मीटर आत घ्यावं. उजेडाची ओळ रिकामी असेल तर त्याचा अर्थ हॉलच्या ट्यूबलाइटवर सगळं सोडलंय.

प्रदर्शनाचा अपबीट म्हणजे दारातून आत आल्यावरचे पहिले तीन मीटर. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि सर्वांत जास्त बिघडतं तेही इथेच. कागदावरची कामं, जलरंग, कापड यांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) वर उजेड पडू नये. तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. बाहेर एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. त्यातून आलेल्या डोळ्याला ५० लक्समधला जलरंग मातकट दिसतो. डोळा बसायला काही मिनिटं लागतात आणि तोवर माणूस पहिली चार चित्रं ओलांडून गेलेला असतो. उपाय खर्चिक नाही. दाराच्या आत एक आडोसा, तिथे साधारण ३०० लक्स. पुढच्या दीड मीटरवर १५०, तिथे मजकूर किंवा न फिकटणारं एखादं काम. मग ५०. फोनमधलं उजेड मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन जागांमधला फरक बघायला पुरतं. पहिल्या भिंतीवर सर्वांत गाजलेलं चित्र लावण्याचा मोह इथेच आवरावा. बेथोवेनने ट्रॉम्बोन पहिल्या भागात खर्च केले नाहीत.

आता तालीम. पहिली तालीम पुठ्ठ्यावर, १ला २० या प्रमाणात. १२ मीटरचा हॉल ६० सेंटीमीटरचा होतो, ८० सेंटीमीटरचं चित्र ४ सेंटीमीटरचं. दुसरी तालीम खऱ्या मापात, आणि तिला हॉल लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर खडूने १२ बाय ८ आखा, रद्दीचे कागद चित्रांच्या मापाने कापून दोरीवर लटकवा आणि चाला. पुठ्ठ्यावर ऐसपैस वाटलेली वाट दोन माणसं समोरासमोर आली की अडते, हे इथे कळतं. तिसरी तालीम हॉलमध्ये, कामं टांगून आणि दिवे लावून झाल्यावर. यासाठी हॉल अर्धा दिवस जास्त घ्यावा लागतो. निमंत्रणपत्रिकेच्या छपाईत काटकसर करा पण हा अर्धा दिवस सोडू नका.

तिसऱ्या तालमीत पाच जणांना एकेकटं चालवावं. त्यांत एक वयस्कर, एक लहान मूल आणि एक चित्रांशी काही देणंघेणं नसलेला माणूस हवाच. एकाने घड्याळ घेऊन फक्त टिपायचं: क पासून ख पर्यंत किती वेळ, कुठे थांबले, कुठे मान वळली पण पाय थांबले नाहीत. मध्ये बोलायचं नाही. चांगला कंडक्टर पहिल्या फेरीत शेवटपर्यंत वाजवू देतो, प्रत्येक चुकीला थांबवत नाही. एकदा कळलेल्या चुका दुसऱ्या फेरीत वादक स्वतःच दुरुस्त करतात. जी चूक दोनदा होते तिथेच थांबायचं. इथेही तेच. एक माणूस अडखळला तर योगायोग, तिघे एकाच जागी अडखळले तर मांडणी चुकली.

टांगण्याचं गणित एकदा नीट लिहून ठेवावं. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटीमीटर. खिळ्याची उंची म्हणजे मध्यरेषा अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा, त्यातून ताणलेल्या तारेचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेखाली जितकं येतं तेवढं वजा. ८० सेंटीमीटर उंचीची फ्रेम आणि तार ८ खाली असेल तर १५० अधिक ४० वजा ८, म्हणजे १८२. तार ताणून मोजायची, सैल धरून नाही. सगळ्या ओळीचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. ओळंबा आणि पाणसळ दोन्ही जवळ हवेत, कारण जुन्या हॉलच्या फरश्या सपाट असतीलच असं नाही आणि जमिनीपासून मोजलेली रेषा वाकडी येते. भिंत सरळ दिसण्यासाठी सुतळी ताणून तिच्यावरूनच मोजावं. पुष्कळ हॉलमध्ये खिळा मारायला मनाई असते. मग वरच्या पट्टीवरून तारेने लटकवायचं. अशा वेळी पंखा सुरू झाला की चित्रं हलतात, म्हणून फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबराचे तुकडे लावावेत.

दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर. त्याहून कमी कोन झाला तर फ्रेमची सावली चित्रावर लांबते, जास्त झाला तर काचेत चमक येते आणि बघणाऱ्याच्या डोक्याची सावली पडते. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, कागदाला ५० च्या आसपास हवी असते. रात्री एसी बंद आणि दिवसा सुरू, हे तर सगळ्यात वाईट. कागद रोज फुगतो आणि आकसतो. काच कागदाला टेकलेली असेल तर तिथे ओल धरून बुरशी येते, म्हणून मध्ये माउंटचं (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर हवं. दुहेरी टेप डिस्टेंपरच्या भिंतीवर रात्रीतून सुटतो आणि सुटताना भिंतीचा पापुद्रा घेऊन येतो. मजकुराचे फलक फोमबोर्डवर करून बारीक खिळ्यांवर टेकवणं बरं.

आवाज ही सर्वांत हट्टी गोष्ट. फरशी, काँक्रीट, काच, सगळीकडून आवाज उसळतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, बंद हॉलमध्ये तेवढा उतरत नाही. कंडक्टर तोल साधताना कमी ऐकू येणाऱ्याला "मोठ्याने" असं क्वचित म्हणतो, आधी बाकीच्यांना "हळू" सांगतो. दोन व्हिडिओ भांडत असतील तर मोठ्याचा आवाज कमी करा, तरी नाही जमलं तर एकाला हेडफोन द्या. सतरंज्या आणि जाड पडदे यांनी बराच फरक पडतो.

अधिकाराचा प्रश्न टाळता येत नाही. संगीतकार आणि कंडक्टर गुस्टाव मालरने १९०० साली व्हिएन्नात बेथोवेनची नववी सिंफनी वाद्ययोजनेत फेरफार करून वाजवली. टीका झाली, तेव्हा आपली बाजू मांडणारं छापील पत्रक त्याने श्रोत्यांना वाटलं. मला ते पत्रक भिंतीवरच्या क्युरेटरच्या निवेदनाचं सख्खं भावंड वाटतं. १९७२ साली क्युरेटर हाराल्ड झेमान यांच्या पाचव्या डॉक्युमेंटाच्या (जर्मनीतल्या कासेल शहरात ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या) वेळी दानियल ब्युरेन या कलाकाराने आक्षेप घेतला की आता कलाकृतींचं प्रदर्शन होत नाही, प्रदर्शनच कलाकृती म्हणून मांडलं जातं. तक्रार दोन्हीकडे एकच आहे, परिणाम सारखा नाही. मालरने काहीही केलं तरी बेथोवेनचा स्कोअर कपाटात शाबूत राहिला आणि दुसऱ्या कुणाला तो पुन्हा वाजवता आला. प्रदर्शन मोडलं की संपतं, आणि त्यात गैरसमजाने मांडलेलं काम तसंच लोकांच्या लक्षात राहतं. त्यामुळे क्युरेटरने जास्त जपून वागायला हवं, कमी नाही. क्युरेटर हान्स उलरिख ओब्रिस्ट यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला 'डू इट' हा प्रकल्प या दृष्टीने महत्त्वाचा. तिथे कलाकार वस्तू देत नाही, लेखी सूचना देतो, आणि ती कुणीही कुठेही अमलात आणावी. प्रदर्शनाला खरोखरीचा स्कोअर मिळाला.

मधला माणूसच नको, हेही करून झालंय. मॉस्कोत पेर्सिमफान्स हा वाद्यवृंद १९२२ ते १९३२ कंडक्टरशिवाय वाजवत होता, न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसाच चालतो. प्रदर्शनांच्या बाजूला २०२२ ची पंधरावी डॉक्युमेंटा जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाकडे होती. कंडक्टर काढला की काम नाहीसं होत नाही, ते सगळ्यांत वाटलं जातं आणि तालमी वाढतात. ठाण्यातल्या ढोल-ताशा पथकांना हे सांगावं लागत नाही. गणपतीच्या कितीतरी आठवडे आधी मैदानात सराव सुरू होतो. ताशाचा टिपेचा आवाज शंभर ढोलांच्या वर ऐकू येतो, म्हणून बदलाचा इशारा तिथून येतो. म्हणजे पुढे नेणारा स्वतः वाजवतो. कलाकार-क्युरेटर म्हणतात तो प्रकार याच्याशी जवळचा आहे. केरळमधल्या कोची-मुझिरिस बिनाले या कलाप्रदर्शनाने २०१२ पासून क्युरेटर म्हणून कलाकारच निवडले, जितिश कल्लाट २०१४ साठी आणि सुदर्शन शेट्टी २०१६ साठी.

वेगवेगळ्या लिपीतले लोक एकत्र आणणं हा मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंचा जुना धंदा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर (वाद्ययोजना करणारे) स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारे व्हायोलिनवादक आणि कानावर वाजवणारे सतारिये-तबलजी यांना एका गाण्यात बसवत. दोघांना एकच कागद देऊन भागत नसे. प्रदर्शनात हीच कसोटी १९८९ साली पॅरिसच्या 'माजिसियाँ द ला तेर' (पृथ्वीवरचे जादूगार) या प्रदर्शनामध्ये लागली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आता पालघरमध्ये गेलेल्या भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे त्यात होते. वारली चित्राचं घर म्हणजे लग्नघरातली शेणाने सारवलेली भिंत, आणि ते काढायचा काळही ठरलेला. ते कागदावर आणून फोटो आणि व्हिडिओच्या ओळीत ५० लक्सखाली टांगलं तर तिन्हींना एकच लय लावल्यासारखं होतं. वारलीत नजर चक्राकार फिरते, तारपा या फुंकवाद्यावर गोल धरून होणाऱ्या नाचासारखी. त्याला २७ सेकंद आणि सरळ रांग पुरत नाही. स्कोअरमध्ये तिथे थांबा लिहावा, समोर बाक ठेवावा आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर भिंत रिकामी सोडावी.

एक फरक पैशाचा. वादकाला तालमीचे पैसे मिळतात, म्हणून कंडक्टर त्याच्याकडून नेमकेपणाची मागणी हक्काने करू शकतो. आपल्याकडे भाड्याच्या गॅलरीत चित्रकार स्वतःच्या खिशातून भाडं भरतो आणि क्युरेटर त्याला क्रम बदलायला सांगतो. हे जोवर असं आहे तोवर काठीची भाषा वापरू नये. अंदाजपत्रकात तालमीचा अर्धा दिवस, चित्रकाराचा मोबदला आणि टांगणाऱ्या कारागिराचा जादा रोज या तीन ओळी आधी लिहाव्यात, उद्घाटनाचा चहा-समोसा नंतर.

प्रदर्शन चालू असताना स्कोअर हॉलमध्येच ठेवावा आणि तिथे देखरेखीला उभ्या राहणाऱ्या मुलांनी रोज त्यावर वेगळ्या रंगाने टिपावं: कुठल्या अक्षरापाशी प्रश्न येतात, कुठला दिवा गेला, कुठल्या वेळी आवाज वाढतो. वाद्यवृंदाचा ग्रंथपाल जुन्या प्रती खुणांसकट जपून ठेवतो, पुढच्या वादकाला गज कुठे फिरवायचा ते त्यावरून कळतं. उतरवताना कामांची तपासणी टांगलेल्या क्रमानेच करा, आल्यावेळचे फोटो समोर ठेवून, आणि खुणा केलेल्या स्कोअरची एकेक प्रत प्रत्येक चित्रकाराला द्या.